एकतिसावी आणि शंभरावी

३ मार्च, मंगळवार

शंभरावी आज बसमध्ये छत्री विसरून आली. 'गेली गं!' म्हणाली आणि हसली. संपलं! दुपारी जाऊन नवी घेऊन आली. माझी छत्री सात वर्षांची आहे. तिची एक काडी बाबांनी तारेने बांधली आहे. ती विसरणं मला जमणारच नाही. विसरायलासुद्धा ऐपत लागते.

शंभरावी हे नाव फक्त या वहीत. कचेरीत तिला सगळे लाडाने बाईसाहेब म्हणतात. मीही म्हणते. आमचं काम देशातल्या घरांची संपत्ती मोजायचं. सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका ओळीत उभी करायची आणि त्या ओळीचे शंभर सारखे गट पाडायचे. ती शेवटच्या गटातली. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तिच्या वडिलांच्या इमारती मला येताजाताना दिसतात.

मग आमचंही घर ओळीत लावून पाहिलं. भाड्याच्या दोन खोल्या. बाबांची बँकेतली शिल्लक, माझी शिल्लक, आईच्या दोन बांगड्या. एकतिसावा गट.

आम्ही एकाच दिवशी रुजू झालो, टेबलं शेजारीशेजारी, पगार पैशापर्यंत सारखा. पगाराच्या ओळीत आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या आहोत. संपत्तीच्या ओळीत एकोणसत्तर गटांचं अंतर! इथून हाक मारली तर तिला ऐकूही जायची नाही.

५ मार्च, गुरुवार

साहेबांनी फळ्यावर कागद लावला. मोठ्या संस्थेत दोन वर्षांचं प्रशिक्षण, परत आल्यावर वरची जागा. आमच्या विभागातून एकच नाव जाणार. विद्यावेतन मिळेल, पण सातव्या महिन्यापासून. फी आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आपला आपण करायचा.

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. शंभरावीने वाचलीच नसावी. उभ्या उभ्या अर्ज भरला. पेन माझं!

'तू नाही भरत?'

'बघते.'

'त्यात बघायचं काय?'

तिला खरंच दिसत नाही. डोळस माणसाला काठी दिसत नाही तसं.

काम माझं तिच्यापेक्षा चांगलं आहे. तपासणीत तिच्या चुका निघतात, माझ्या निघत नाहीत. हे साहेबांनाही माहीत आहे. ही जागा मला हवी आहे. इतकं सरळ मी कुठेच बोलणार नाही म्हणून इथे लिहिते — हवी आहे.

६ मार्च, शुक्रवार

बाबांना सांगितलं नाही. सांगून काय? ज्याच्याकडे नाही त्याला 'नाही' म्हणायला लावायचं.

९ मार्च, सोमवार

नवी प्रश्नावली तयार झाली. बाहेर नेण्याआधी ती आपसात करून पाहायची हा आमच्याकडचा रिवाज. मात्र स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही. साहेबांचं ठरलेलं वाक्य आहे: 'माणूस घरच्यांपासून लपवतो, परक्याला खरं सांगतो.' म्हणून चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. ज्याचं घर, तो त्या वेळी घराबाहेर. ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, त्या घरातल्या माणसालाही नाही. सांगितलं तर प्रत्यक्ष कामातून कायमची सुट्टी.

चिठ्ठ्या उघडल्या. तिला माझं घर आलं. मला तिचं.

'मज्जा!' म्हणाली ती.

११ मार्च, बुधवार

बाबांनी सकाळीच दाढी केली. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेला शर्ट काढला, त्याला इस्त्री केली. 'कोण मंत्री येतोय का?' मी म्हटलं. 'अगं, तुझ्या कचेरीतली आहे. तुझी लाज माझ्या हातात.' फुटक्या कानाचा कप फडताळात मागे ढकलला.

नियमाप्रमाणे मी बाहेर गेले. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. पाऊण तासाचं काम, ती दोन तासांनी बाहेर आली. आणि हसत! बाबा जिन्यापर्यंत सोडायला आले होते. मला ते दारापर्यंतही येत नाहीत — अर्थात मी कुठे जाते म्हणा.

रात्री जेवताना: 'गोड मुलगी आहे. मन लावून ऐकते.'

'मी ऐकत नाही?'

'तू विचारतेस कुठे?'

घास तसाच गिळला. म्हणजे माझ्या बाबांकडे काय आहे, काय नाही, हे आता तिला माहीत आहे आणि मला नाही! तिच्याकडे सगळंच आहे. त्यात हेही.

१४ मार्च, शनिवार

तिच्या घरी गेले. दारात चपला काढल्या, तर तिच्या आईने त्या स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. वाईट वागली असती तर बरं झालं असतं.

उत्तरं तिच्या आईने दिली. तपशील लिहीत नाही, नियम आहे. पण एक गोष्ट नियमात बसते, कारण तो आकडा नाही. त्या बाई दर तिसऱ्या प्रश्नाला 'अय्या, ते नाही बाई माहीत!' म्हणत होत्या. हसत. हे चित्र केवढ्याचं? माहीत नाही. ती जमीन कुणाच्या नावावर? 'ह्यांना विचारावं लागेल.' आजवर मी ज्या ज्या गरीब घरात गेले, तिथे कुणीही 'माहीत नाही' म्हटलेलं नाही. त्यांना डब्यातली नाणीसुद्धा पाठ असतात.

तिची खोली पाहिली. खिडकीत बसायला रुंद कट्टा, त्यावर गादी. नुसतं बसायला! मी त्या कट्ट्यावर बसले नाही. बसावंसं वाटलं, म्हणून बसले नाही.

निघताना आई म्हणाल्या, 'आमची ही सारखं तुझंच सांगत असते. तू तिच्याहून हुशार आहेस म्हणे.'

हे ऐकूनसुद्धा मला राग आला. दुसरीला हुशार म्हणणं तिला किती स्वस्त पडतं!

१६ मार्च, सोमवार

दुपारच्या सुट्टीत, डबा खाताना:

'तू अर्ज केलास की नाही? उद्या शेवटचा दिवस आहे.'

'नाही.'

'का?'

मी झाकण लावलं. 'पहिले सहा महिने.'

'वेडी आहेस का गं तू? तुझ्या बाबांनी तर तुझ्यासाठीच...' आणि थांबली. ओठ चावला. मग, जाऊ दे म्हणावं तसा हात उडवला. 'पैसे बाजूला ठेवलेत त्यांनी. तुझ्या शिक्षणासाठी. पुरतील. मी सांगायला नको होतं, पण आता सांगितलं. जा, विचार त्यांना.'

'तू नियम मोडलास.'

'मोडला! तुझ्यासाठी मोडला. आता काय फाशी देशील?'

आणि माझ्या डब्यातला तुकडा उचलून खाल्ला.

घरी आल्यावर पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी बसले आणि आमचं घर पुन्हा ओळीत लावलं. फी आणि सहा महिन्यांना पुरेल इतकी रक्कम धरली. एकतिसाव्यातून अठ्ठेचाळिसाव्यात! एका घासात सतरा गट. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी दुसरंच काही झालं — बाबांनी तिला सांगितलं. मला नाही.

१७ मार्च, मंगळवार

अर्ज दिला.

बाबांना पैशांचं विचारलं नाही. विचारलं तर कुणी सांगितलं ते उघड होईल. आणि त्यांनी आपणहून सांगावं असं मला वाटतं. एवढा हट्ट मला परवडतो. फक्त म्हटलं, 'बाबा, बाहेर शिकायला जायचा अर्ज केलाय. सुरुवातीला खर्च आहे.'

त्यांनी ताटातली नजर वर केली नाही. 'छान केलंस. होईल काहीतरी.'

लपवतात! किती लपवतात! मला हसू आलं, ते मी दाबलं. आम्ही दोघं एकाच मातीचे.

१९ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. 'दोनच अर्ज आहेत, तुमच्या दोघींचे. आकड्यांत तुमचा हात धरणारं कुणी नाही. पण माणसं तिच्यापुढे उघडी होतात. तुमच्यापुढे मिटतात. वाईट वाटून घेऊ नका.'

'नाही.'

'उद्या दुपारी नाव धाडायचंय. मला जरा तिच्याकडे झुकावंसं वाटतंय.'

झुकावंसं! सगळं जगच तिच्या बाजूला उतारावर बांधलेलं आहे. आपोआप घरंगळतं तिकडे.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी दहाला साहेबांच्या खोलीत गेले. काय झालं ते सांगितलं. तारीख, वेळ, तिचे शब्द जसेच्या तसे. एक शब्द वाढवला नाही.

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. 'तुम्ही दोघी एका डब्यात जेवता ना?'

'हो.'

'तोंडी सांगताय की लेखी देताय?'

तोंडी म्हटलं असतं तर त्यांनी तिला बोलावून कान उपटले असते आणि सोडून दिलं असतं. हे मला माहीत होतं.

'लेखी.'

नियम म्हणजे नियम. आज माझ्या बाबांचं मला सांगितलं, उद्या कुणाचं कुणाला सांगेल. लोक दार उघडतील का मग? हे सगळं खरं आहे. आणि बाबांची ती गोष्ट तिच्या तोंडून आली हे मला सहन झालं नाही, हेही खरं आहे. दुसरं खरं मी लेखी दिलं नाही.

२३ मार्च, सोमवार

तिला तळमजल्यावर छपाईत पाठवलं. अर्ज बाद. माझं नाव गेलं.

ती टेबल आवरत होती. मी आकडे तपासत होते. सगळं खोक्यात भरून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

'खरंच लेखी दिलंस?'

'हो.'

'साहेबांच्या कानावर नुसतं घातलं असतंस तरी चाललं असतं गं.'

वाटलं, आता ती खांदे उडवेल, हसेल, काहीतरी म्हणेल. तिचे डोळे भरले. खोकं उचलताना तळ फाटला आणि सगळं जमिनीवर सांडलं. कुणी उठलं नाही. मीही नाही. तिने एकेक वस्तू गोळा केली.

पहिल्यांदाच तिचं काहीतरी गेलेलं पाहिलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटलंही.

२५ मार्च, बुधवार

शेजारचं टेबल रिकामं. दिवसभर एकही चूक झाली नाही.

२७ मार्च, शुक्रवार

संस्थेचं पत्र आलं. निवड पक्की! हमीपत्रावर सही केली. सही करून गेलं नाही तर पुढे पाच वर्षं अर्ज करता येत नाही. न जायचा प्रश्नच कुठे येतो? महिन्याअखेर फी भरायची. बाबांना पत्र दाखवलं. दोनदा वाचलं, घडी घातली, परत उघडलं. 'तुझी आई हवी होती,' एवढंच म्हणाले. पैशांचं अजून नाही! आता मात्र उद्या मीच विचारणार.

२८ मार्च, शनिवार

विचारलं. म्हटलं, बाबा, मला माहीत आहे, तुम्ही माझ्यासाठी ठेवलेले पैसे कुठल्या बँकेत आहेत?

'कसले पैसे?'

मी सांगितलं. ते शर्टाचं बटण फिरवत म्हणाले, 'अगं, ती पोर समोर बसून विचारत होती. दुसरं घर आहे का? नाही. जमीन? नाही. गाडी? नाही. सोनं? त्या दोन बांगड्या. विमा? नाही. नाही-नाही म्हणून तोंड दुखलं गं माझं. शेवटी तिने विचारलं, मुलीसाठी काही बाजूला ठेवलंय का? मी हो म्हटलं, शिक्षणाला पुरतील एवढे. एक तरी हो म्हणावंसं वाटलं.'