गोळ्यांना हळदकुंकू

भोपाळ

आबा,
दुरूनच पाया पडते. जवळ असते तर आधी भांडले असते.

मी सुखरूप आहे, जेवण बरं आहे, पण डोकं फिरलंय. खंडेनवमीला रायफल पुजलीत, ठीक. पण डबी उघडून एकेका गोळीला हळदकुंकू लावायला कुणी सांगितलं होतं? गोळीवर मेण असतं, सगळं त्यात चिकटलं. अशी गोळी नळीत घालता येत नाही!

शेवटी इथल्या नेमबाजी स्पर्धेत दुसऱ्या बॅचच्या उसन्या गोळ्यांनी खेळले. कंपनी तीच, तरी नेम निशाणाच्या कागदभर पसरला. माझ्या रायफलीला मानवणारी बॅच मी महिनाभर तपासून निवडली होती. तुमचं कांद्याचं बी कुणी असं बदललं, तर खपवून घ्याल?

आईचा गुडघा कसा आहे?

उद्या शेवटची फेरी. आशीर्वाद मला द्या, गोळ्यांना नको.

तुमची चिडलेली,
तृप्ती