लसणाच्या पाकळ्या आणि शिसं

३ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
तू पाठवलेलं कात्रण पोचलं. लसूण, कोथिंबीर, पालेभाज्या खाल्ल्या की अंगातलं शिसं उतरतं म्हणे. तेव्हापासून रोज चार पाकळ्या कच्च्या चावतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे आम्ही सहा जण. आता माझ्या शेजारी कुणी डबा उघडत नाही. तुझी भावजय तोंड फिरवून बोलते. पोटात कळ येते, मनगटं ढिली पडतात, पण ते थकव्यामुळे असावं. काळजी करू नकोस.
मायेतला,
बारक्या

१२ मार्च
चि. बारक्यास अ. उ. आ.
मनगटांचं वाचलं आणि लगेच चौकशीला निघाले. शहाण्या, कात्रणात ‘उतरू शकेल’ लिहिलंय, ‘उतरतं’ नाही. शिवाय प्रयोग उंदरांवरचे. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भाजीपाला जरूर खावा, थोडाफार उपयोग होईलही. पण रोज भट्टीचा धूर गिळायचा आणि वर लसूण खायचा, याला अर्थ नाही. रक्त तपासून घे. तुझ्या बायकोचंही. तुझे कामाचे कपडे तीच धुते ना? मीही नुसतं कात्रण पाठवून मोकळी झाले, माझंच चुकलं.
खुशाली कळव, जीव टांगणीला आहे.
तुझी ताई

२ एप्रिल
ती. ताईस सा. न. वि. वि.
माझ्या रक्तात शिसं खूप आहे. तिच्याही निघालं. तिने कारखान्याचं दारसुद्धा पाहिलेलं नाही. माझे कपडे दारात झटकायची, मग भिजवायची, बस. दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, शिशामुळेच असं खात्रीने सांगता येणार नाही, पण असू शकतं. मी आठ वर्षं घरी काय आणत होतो ताई? आज मुकादमाला यापुढे कामावर येणार नाही म्हणून सांगून आलो.
यापुढे काही लिहवत नाही. सांभाळून घे.
बारक्या

२० ऑगस्ट
ती. वन्संना सा. न. वि. वि.
हे आता गोदामात पेट्या मोजतात. हात अजून थरथरतो, म्हणून मीच लिहितेय. दोघांचंही शिसं हळूहळू उतरतंय. मुलाचा विचार इतक्यात नको, असं डॉक्टर म्हणतात. थांबू.
हे हल्ली स्वतःचे कपडे स्वतःच धुतात, मला हात लावू देत नाहीत. मी नुसती बादली भरून देते. सगळे म्हणतात, किती समजूतदार बायको. पण वन्सं, मला राग येतो हो. कुणावर काढू, कळत नाही. त्यांच्यासमोर रडता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.
उत्तर माझ्या नावाने पाठवा.
तुमची भावजय