वहिनी न म्हणणारी मुलगी

आई,

मागच्या रविवारी दादा मला सिनेमाला घेऊन गेला. हरवलेलं पोर खूप वर्षांनी घरी येतं आणि ते आपलंच की दुसऱ्याचं, या घोरात सगळं घर झुरत राहतं, अशी गोष्ट. मध्यंतरात मी समोसा खाल्ला, त्यानं खाल्ला नाही. बाहेर आल्यावर गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, आपणही एकदा रक्ताची तपासणी करून टाकू, मनाला बरं. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि याला आता शंका फुटली. मी म्हटलं, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून माझं रक्त कशाला? नाही करणार. तेव्हापासून तो फुगलाय. फुगू दे.

त्याचं म्हणणं तेच, जे मला अनाथाश्रमातून आणलं त्या दिवशी छावणीतल्या आपल्या घरी सगळ्यांचं होतं. शहागंजच्या बाजारात तुझा हात सुटून हरवली ती चार वर्षांची पोर तुला वहिनी म्हणायची. काका म्हणायचे, म्हणून दादा म्हणायचा, म्हणून तीही. आणि मी अकरा वर्षांची, दारात उभी. तिथून सरळ स्वयंपाकघर दिसायचं. तू भाजल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी ढवळत होतीस. तुझ्याकडं बघून मी म्हणाले, आई. आत्या लगेच बोलली, "ही आपली नाय. आपली लेक वहिनी म्हणायची." तू पळी हातात घेऊन तशीच बाहेर आलीस, मला नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "एकीला तरी आई म्हणू द्या की मला. लग्न होऊन आले तशी घरभर नुसती वहिनीच हाय मी." मग माझं ताट वाढलंस. आमटी लई तिखट होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आत्याला वाटलं मला गहिवरून आलं.

पुढं तू कधी काही विचारलं नाहीस, ना खूण ना डाग. लोक तुला भोळी म्हणायचे. भोळी कसली, हट्टी होतीस. तोच हट्ट माझ्यात उतरलाय. रक्तातून आला की आमटीतून, ते दादानं ठरवत बसावं.

एकच तुला सांगितलं नव्हतं. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहिते. एसटीत आश्रमाच्या बाईंनी मला बजावलं होतं, त्यांची मुलगी वहिनी म्हणायची, तूही तसंच म्हण. गंगापूरपासून मी तो शब्द घोकत आले होते. तुला पाहिलं आणि मला वहिनी नको होती.