आप्पासाहेबांच्या हारानं अडवलेली तपासणी

तीर्थस्वरूप रावजीमामा यांस,

पिंपळीहून सुयोगचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी इंदापुरात नवा डॉक्टर गाठल्याचं आई सांगत होती. (जुन्याचं काय चुकलं, ते तिनं सांगितलं नाही.) आम्ही सगळे बरे आहोत, मी मात्र मधे तीन दिवस बरा नव्हतो.

बारामतीत कुशाबाईंच्या कापड दुकानाच्या नव्या इमारतीचं वायरिंग मी घेतलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता अशा मोठ्या इमारतींना वीजबचतीचे नवे नियम लागतात: माणसं बाहेर गेली की वीस मिनिटांत दिवे आपोआप बंद झाले पाहिजेत. त्यासाठी हालचाल टिपणारे सेन्सर बसवले. तपासनीस माधवी मॅडम आल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, दिवे चालूच. दुसऱ्या दिवशी तेच. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या (पार सुप्यापर्यंत), आणि मॅडमच्या दाखल्याशिवाय दुकान उघडता येत नव्हतं. मी तारा तपासल्या, सेन्सर बदलला, पालसुद्धा शोधली. शेवटी बाहेरून काचेला नाक लावून बसलो, तेव्हा दिसलं. गल्ल्यामागं कुशाबाईंच्या यजमानांचा, कैलासवासी आप्पासाहेबांचा फोटो आहे. त्यावरचा चंदनाचा हार एसीच्या झोतात डुलत होता. सेन्सरच्या मते आप्पासाहेब अजून दुकानातच होते.

हार काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. मॅडमनीच सांगितलं. कुशाबाईंनी स्टूल ओढून फोटोखाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं दुकानातला शेवटचा दिवा ह्यांनीच बंद केला. मला कवा बटणाला हात लावू दिला न्हाय." स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच हार उतरवला, पदरात घेतला आणि बाहेर पायरीवर येऊन बसल्या. बरोबर विसाव्या मिनिटाला दिवे गेले. मॅडमनी कागदावर खूण केली. मला आनंद व्हायला हवा होता.

जरा वेळानं बाई एकट्याच आत गेल्या, तसे दिवे लागले. मी दारातच होतो; फोटोकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, "बघा, माझ्यासाठी बी लागत्यात."

आपला भाचा,
सुयोग

ता. क. – दाखला मिळाला. पुढच्या गुरुवारी उद्घाटन आहे, मामींना घेऊन यावं.

ता. क. दुसरा – खरं ते आता लिहितो. जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या की सेन्सर चुकीच्या जागी बसवलाय. दोन हात सरकवला असता तर हार काढायची गरजच नव्हती. हे कुशाबाईंना सांगायचा मला धीर होत नाही. हार त्यांनी घरी नेलाय, आणि हल्ली रोज सकाळी कुलूप काढून पहिल्या त्याच आत जातात. तुम्ही या आणि त्यांना सांगा. किंवा सांगू नये, असं मला सांगा.