लपवलेली बादली

प्रिय चिन्मय,

पत्र बघून दचकू नकोस. आजवरचं आपलं सगळं बोलणं फोनवरच झालं, आणि अहो-जाहो नको, तू म्हण, असं तूच म्हणाला होतास. म्हणून तू म्हणतेय. मेसेज केला असता तर खाली एक हसरा चेहरा टाकून तू मोकळा झाला असतास. हे तसं मोकळं होण्यासारखं नाही. आमच्या उंद्रीहून (तुमच्या पुण्यातली नव्हे, ही खेड्यातली) पुण्याला पत्र पोचायला वेळ लागेल, तर लागू दे. तुमचा होकार यायलाही आठवडा लागलाच की.

होकार आल्याचं मी घरात सांगितलं. आई लगेच देवापुढे साखर ठेवायला उठली, गुडघे धरत का होईना. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी म्हटलं, थांबा जरा, होकार त्यांनी दिलाय, मी कुठे दिलाय अजून? आई माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला ताप-बिप चढला की काय. मुलीकडून उत्तर यायचं बाकी असतं, हे आमच्याकडे कोणाच्या लक्षातच राहत नाही. तर हे पत्र म्हणजे माझं उत्तर आहे. तुझ्या होकाराच्या मेसेजातली शेवटची ओळ मी घरात वाचून दाखवलेली नाही. तिच्याकडे येतेच, पण आधी तुम्ही मला बघायला आलात त्या रविवारची आमच्या बाजूची हकिकत तुला ऐकावी लागेल.

आमचं घर तू पाहिलंस. फाटकाजवळ संडास, मग बैठक, त्यामागे स्वयंपाकघर आणि पार मागे पाण्याचा हौद. संडास घरात नको म्हणून आजोबांनी तो पुढे बांधला, आणि तो तिथेच राहिला. दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी कमोड बसवला आणि त्याच्या मागे फ्लशची पांढरी टाकी. पण आमच्याकडे नळ काही रोज येत नाही. हौदातलं पाणी आम्ही तुपासारखं वाढतो. एका खटक्यात एवढं पाणी जातं हे बाबांना बघवेना. आयुष्यभर शाळेत कारकुनी केलेला माणूस, त्यांनी उपाय काढला: पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या झाकण लावून टाकीत सोडून दिल्या. तेवढी जागा अडली, तेवढं पाणी वाचलं. फक्त एका फ्लशनं भागेनासं झालं. मग शेजारी एक निळी बादली आली, तिच्यावर पाणी घ्यायचा प्लास्टिकचा मग आला, आणि फ्लश उरला शोभेपुरता. आमचं काही अडलं नाही. अडलं ते आईचं, भरलेली बादली तिच्यानं उचलवत नाही. पण तीसुद्धा बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग तुम्ही येणार म्हणून कळलं. घरात काय धांदल! पडदे धुतले, फाटकाला रंग दिला, आईनं चिवड्यातले शेंगदाणेसुद्धा निवडून सारखे केले असतील. आणि ऐन वेळी, म्हणजे तुमची गाडी चिखलीला पोचली असा फोन आल्यावर, आईची नजर त्या निळ्या बादलीवर गेली. पुण्याची माणसं, बादली पाहून काय म्हणतील? झालं. बादली गेली थेट मागच्या पत्र्याखाली, सरपणाआड. बाबांनी फ्लश दाबून पाहिला. धो धो आलं पाणी. बाबा बाहेर आले ते निवडून आल्यासारखे. दुसऱ्यांदा दाबून पाहावा असं कोणाला सुचलं नाही. पाणी वाया कशाला घालवायचं?

त्या टाकीचं दुखणं असं होतं की एकदा रिकामी झाली की भरायला तिला युग लागायचं. आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं, त्या खाऱ्या पाण्यानं आतली तोटी पार चोंदली होती. आम्हाला ते माहीतच नव्हतं, कारण आम्ही ती वापरतच नव्हतो. तुम्ही लांबून आलेले. आधी तुझे बाबा जाऊन आले, मग तुझी आई, आणि टाकीत होतं तेवढं पाणी संपलं. मग तुझ्या स्नेहलता आत्यांनी विचारलं, वॉशरूम कुठे आहे? हात धुवायचे असतील असं समजून आईनं मोठ्या उत्साहानं त्यांना बेसिनपाशी नेलं, नवा साबण दाखवला, नवा टॉवेल हातात दिला. आत्या बेसिनकडे बघत उभ्या. शेवटी मीच म्हटलं, संडास पुढच्या बाजूला आहे. तो शब्द ऐकून त्यांनी नाक मुरडलं. आता संडासाला संडास नाही म्हणायचं तर काय देवघर म्हणायचं?

पुढचं तुला ऐकू आलंच असेल. खट. मग खट खट. मग खटखटखट. बैठकीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं आणि प्रत्येक जण पोह्यांचं कौतुक करत होता. तुझ्या बाबांनी कढीपत्त्याचंसुद्धा कौतुक केलं. आणि मग आतून आत्यांचा आवाज आला, अहो, इथं पाणीच नाहीये, निदान एखादी बादली तरी ठेवायची! अरे देवा. मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. आयुष्यात कधी नाही ती बादली त्याच दिवशी हलवली होती आम्ही, आणि तीही त्यांच्याचसाठी.

बाबा उठले. मागे गेले, सरपणाआडून बादली काढली, हौदात बुडवली आणि भरून घेऊन आले. दुसरी वाटच नाही, बैठकीतूनच यावं लागतं. तुमच्या येण्यासाठी शिवलेला पांढरा सदरा, एका हातात बादली, दुसरा हात तोल सांभाळायला लांब केलेला, आणि प्रत्येक पावलाला पाणी हिंदकळून सदऱ्यावर. तुझ्या बाबांनी भिजू नयेत म्हणून पाय आत ओढून घेतले. तू फोनमध्ये बघत होतास. त्यात काय एवढं वाचण्यासारखं होतं रे? मी तुझ्याकडे बघत होते, म्हणून मला माहीत आहे. तू मान वर केलीस ती आत्या बाहेर आल्यावर. त्या हात पुसत म्हणाल्या, आमच्या कामवालीच्या घरीसुद्धा फ्लश चालतो हो! सगळे हसले. तूही हसलास, थोडंसंच, पण हसलास. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाबाही हसले. ओल्या सदऱ्यात, हातात रिकामी बादली घेऊन, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसले. तुमची गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, माह्यामुळं झालं पोरी, म्या त्या बाटल्या टाकल्या नसत्या तं असं झालं नसतं.

पुढचे चार-पाच दिवस बाबा दारापुढच्या ओट्यावर बसले नाहीत. तुला नाही कळणार ते. आमच्या ओट्यावर बाबा बसले की येणारा-जाणारा थांबतो. शेजारचे अर्जुनराव तर चहा घरी पिऊन पुन्हा आमच्याकडे प्यायला येतात. कोणी विचारलं, काय झालं पाहुण्यांचं, तर काय सांगायचं, म्हणून बाबा आतल्या खोलीत बसून राहिले. आपली लेक आपल्या फ्लशपायी नाकारली गेली, असं त्यांनी मनात धरलं होतं. मला इतका राग आला, चिन्मय! तुमचा आला, त्या टाकीचा आला, आणि बाबा हसले होते त्याचा तर सगळ्यात जास्त आला. तुमच्यापैकी कोणावर हात टाकता येत नव्हता, म्हणून टाकीवर टाकला.

आमच्याकडची नळाची कामं हबीबचाचा करतात, पण ते पुतणीच्या लग्नाला बीबी गावाला गेलेले. म्हटलं, नाही तर नाही. शाळेत शिकवून घरी आले, ओढणी कमरेला खोचली, टाकीचा नळ बंद केला आणि झाकण उचललं. बाबा दारात येऊन उभे. काय करून राह्यली व? म्हटलं, तुमच्या बाटल्यांना भेटायला आले. तर म्हणतात कसे, राहू दे पोरी, कोणी पाह्यलं तं काय म्हणंल, लग्नाची पोर संडास दुरुस्त करते? मी म्हटलं, म्हणू द्या. ज्याले करायचं त्यानं अशा पोरीशी करावं, नाही तं नको.

आत बघितलं तर दोन्ही बाटल्या शेवाळून हिरव्या झालेल्या. पाणी येतं ती तोटी खोलली. तिच्या तोंडाशी पांढरा टणक थर, चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसतो ना, तस्सा. गरम पाण्यात लिंबूसत्व घालून ती भिजत ठेवली आणि जुन्या टूथब्रशनं घासघास घासली. टाकीच्या तळाचं रबर कडक झालं होतं, त्यामुळे आलेलं पाणीही थोडंथोडं गळून जायचं. चिखलीहून दुसऱ्या दिवशी नवं रबर आणलं. सगळं बसवलं आणि मोठ्या ऐटीत नळ सोडला. नट घट्ट करायचा राहिला होता! असा फवारा उडाला की माझे केस, बाबांचा चष्मा, भिंतीवरची पाल, सगळे ओले. मी ओरडतेय, बाबा नळ शोधताहेत, आणि मधेच बाबा हसायला लागले. रविवारचं हसणं नाही, खरं. पोट धरून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग नट आवळला. टाकी भरली. दाबलं, धो. थांबलो, भरू दिली, परत दाबलं. परत धो. आईनं बाहेरून विचारलं, झालं का व? हाव, म्हटलं, झालं, आता तुले बादली उचलायची गरज नाही. ती पदर डोळ्याला लावून आत गेली. तेव्हा मला समजलं की हे आम्ही दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पाहुण्यांसाठी नाही, तिच्यासाठी. एक बाटली मी काढून टाकली. दुसरी धुऊन, स्वच्छ करून परत टाकीत ठेवली. फ्लश तेवढ्यातही नीट चालतो, आणि पाणी वाचवायची लाज कशाला? निळी बादली पुन्हा तिच्या जागी आणून ठेवली, भरून. नळ येईनासा झाला तर तीच कामाला येणार आहे, कोणाची आत्या नाही. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले. अर्जुनराव आलेच. बाबांनी त्यांना आधी फ्लश दाखवला, चहा नंतर विचारला.

आणि त्यानंतर तुझा होकार आला. तो आल्याबरोबर बाबांचं पुन्हा सुरू: पुढचा संडास पाडू, फरशा लावू, साखरपुड्याआधी सगळं पुण्यासारखं करून टाकू. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, एक वीट हलवायची नाही.

आता तुझ्या मेसेजकडे येते. तू लिहिलंस, आत्याला मोठ्या मुश्किलीनं पटवलं. लिहिलंस, साखरपुडा पुण्यातच करू, म्हणजे तुमच्याकडे उतरायचा प्रश्न नको. लिहिलंस, बोलण्यातलं मले-तुले हळूहळू जाईल. इथपर्यंतचं मी घरात वाचून दाखवलं. आणि शेवटची ओळ, जी मी कोणाला दाखवली नाही: आमच्याकडे सगळे गमतीनं तुम्हाला ‘बादलीवाले’ म्हणतात, मनावर घेऊ नकोस हं. मी घेतली, चिन्मय. तू मला आवडला होतास, खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी तुझ्या फोनची वाट बघायचे, आई हाक मारायची आणि मला ऐकू यायचं नाही. त्या दिवशी तू उठून त्या बादलीच्या कडीला नुसतं एक बोट लावलं असतंस ना, तर फ्लश चालो न चालो, मी आनंदानं पुण्याला आले असते. तू वाईट नाहीस. तू फक्त बसून राहिलास, आणि उद्या माझे बाबा तुझ्या दारात आले की पुन्हा बसून राहशील. म्हणून हे उत्तर आमच्या बोलीत देते, काऊन की ते माह्या तोंडून दुसऱ्या भाषेत इतकं सरळ निघत नाही: मले हे लग्न नाही करायचं. पत्र पेटीत टाकलं की घरी जाऊन बाबांना सांगणार आहे, त्यांच्या फ्लशपायी कोणी त्यांच्या लेकीला नाकारलेलं नाही, लेकीनंच नाकारलंय. यापुढे या घरात जो कोणी मला बघायला येईल, त्याला फाटकातून शिरल्याबरोबर ती निळी बादली दिसेल. मीच ठेवणार आहे ती तिथं.

तुझी नाही,
बादलीवाल्यांचीच,
रेवती