दिनेशच्या वाटचा दोना

प्रिय दिनेश,

व्हिडिओ कॉलवर तू काळा चष्मा काऊन लावतोस रे? घरात बसून, दिवेलागणीला? घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीनं डोळे जळतात म्हणालास. मी मान डोलावली, पण मले काही पटलं नाई. धनराजदादाही शेवटी शेवटी असाच उजेडाकडे पाठ करून बसायचा आणि आपण म्हणायचो, डोळे आले असतील.

इकडे दादाच्या दिवसकार्याची तयारी चालू आहे. मोहाची दारू या खेपेला मंगलीवहिनीला गाळू देणार नाहीत. तिनंच मडक्यात काहीबाही कालवलं, आधी सासऱ्याला खाल्लं, मग नवऱ्याला, असं गावभर झालंय. तूही फोनवर तेच म्हणालास. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. तिच्या चुलीमागे, गाडग्यात, कणगीत हात घालून मी विषारी मुळ्या धुंडाळल्या. वाळली मोहफुलं निघाली आणि तिखटाचा डबा.

पण त्याच मडक्यातली शेजारचा लटारूभाऊ पितो, दादाच्या दुप्पट पितो, आणि या वयात सायकल मारत तेंदूपानं गोळा करायच्या फळीवर जातो. करणीनं त्याले काऊन सोडलं? आणि आपला देवाजीकाका तर वहिनी या घरात यायच्या आधीच पोट फुगून गेला. तेव्हा कोणी कालवलं होतं?

शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांचाही मला आधी भरवसा वाटेना. बाबांना काय झालं होतं, काकांना काय, इतकं खोदून विचारत होत्या की वाटलं, ही बाई आपल्या खानदानाला नावं ठेवायला बसली. त्या म्हणाल्या, जीव दारूनंच घेतला. पण काही घरांत कलेजीचा हळवेपणा रक्तातूनच येतो. दुसऱ्याला जेवढी सोसते तेवढी यांना सोसत नाही. पाठचा भाऊ असेल तर त्यानं थेंबही घेऊ नये आणि तपासून घ्यावं.

त्या दिवसापासून माझा संशय तुझ्यावर आहे. वहिनीनं विष घातलं असं ठरलं की दारू निर्दोष सुटली, आणि पिणारा तूही सुटलास. म्हणूनच तिच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं तू बोंबलतोस. कार्याला घरच्या पुरुषानं पानाच्या पहिल्या दोन्यातली दारूची धार भुईवर सोडायची आणि उरलेली प्यायची, ही आपली रीत. पुरुष आता तू एकटाच उरलास. फोनवर हा विषय काढला की तू कट करतोस, म्हणून हे लिहून राह्यली. तुझ्या वाटचा दोना मी हातात घेईन आणि सगळाच्या सगळा भुईवर ओतीन. गेलेल्यांना जास्तच मिळेल, ते काही रागावणार नाहीत. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तू मात्र चष्मा काढून ये. एस.टी. थांब्यावर मी आणि वहिनी दोघी उभ्या राहू. डोळे पांढरे दिसले तर कार्य उरकून तपासणीला जाऊ. पिवळे दिसले तर तुला घरी नेणारच नाही, तिथूनच चंद्रपूरची गाडी धरू. कार्य थांबेल, दादा समजून घेईल.

तुझ्यावर नजर ठेवून असलेली,
तुझीच ताई,
रंजीता