हरवलेला पाना

ताई,

हात तेलकट आहेत, तेव्हा नमस्कार लांबूनच. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस.

घरी मला माझा टॉवेल सापडत नसे. इथे हवाई दलात मात्र प्रत्येक पान्याची जागा फळीवर रंगवलेली असते. काल माझ्या फळीवर एक जागा रिकामी दिसली. पाना विमानात राहिला तर वैमानिकाच्या जिवाशी खेळ, म्हणून लगेच सांगितलं. सगळी उड्डाणं थांबली. मोठे साहेबसुद्धा गुडघ्यांवर बसून शोधत होते. शेवटी पाना चाकामागे सापडला. मी बोलणी खायला मान खाली घातली, तर साहेब म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस."

ताई, लहानपणी अण्णांचं घड्याळ मी फोडलं आणि बोलणी तू खाल्लीस. अण्णांची तब्येत कशी आहे? हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझा धाकटा